खुंटीवरची टोपी

३ फेब्रुवारी, सोमवार

ही डायरी कंपनीने फुकट वाटली. पहिल्या पानावर बंदरातल्या आमच्या धक्क्याचा रंगीत फोटो आहे, त्यात माझी चार नंबरची क्रेन उभी आहे आणि कॅबिनमध्ये कोणीच नाही. मला फोटोतून पुसलं, की मी त्या दिवशी रजेवर होतो, देव जाणे.

ही म्हणाली, "दिवसभर भिंतीशी भांडता, त्यापेक्षा यात लिहा. भिंतीला तरी विसावा."

शाळा माझी सातवीपर्यंत. पुढचं सगळं वाचन डब्यांवरचं. जहाजावरून उतरणाऱ्या त्या लोखंडी खोल्यांना जग कंटेनर म्हणतं, आम्ही डबे म्हणतो. त्यांच्या अंगावरची अक्षरं लावत लावत मी वाचायला शिकलो. त्यामुळे अक्षर मोठं येतं. पानं लवकर संपतील, संपू देत. कंपनीचीच आहेत.

आज मोठ्या साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. बारा मार्चला उद्घाटन. चार नंबरची क्रेन "आपणहून" चालणार. आपणहून हा शब्द ते तीनदा बोलले, जणू पोर पहिलं पाऊल टाकतंय. मुकादम माझ्या कानाशी पुटपुटला, "जावई येतोय. काम काही करायचा नाही, पण मानपान बघ कसा." तेव्हापासून त्या यंत्राचं नाव जावईच पडलं.

एकतीस वर्षं मी त्या कॅबिनमध्ये बसलो. तिथली खुर्चीसुद्धा माझ्या आकाराची झाली आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

धाकट्याने सही केली.

माझा सख्खा भाऊ. बावीस वर्षं तो माझ्याच क्रेनखाली पिनवाला आहे. जहाजावर डबे एकावर एक अडकवायला खाली चार कोपऱ्यांत पिना असतात. मी डबा उचलून आणतो आणि ट्रेलरच्या वर छातीएवढ्या उंचीवर धरून ठेवतो. धाकटा वाकून खाली शिरतो, चारही पिना उपसतो, बाहेर येतो. मग मी डबा ट्रेलरवर टेकवतो. तीस टनांखाली माणूस डोकं घालतो तो वरच्यावर विश्वास ठेवून. आता त्याने लिहून दिलं की वर जावई असला तरी चालेल.

त्याची बायको गेल्यापासून तो आमच्यातच जेवतो. आज ताटावरच विषय निघाला.

"विचारायचं तरी होतंस," मी म्हटलं.

"विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

"नाही म्हणालो असतो."

"म्हणून नाही विचारलं, दादा. तुझे पाच महिने राहिलेत, माझी नऊ वर्षं. जे सही करणार नाहीत त्यांना गोदामात झाडू मारायला पाठवणार आहेत."

"मग झाडू मार. झाडूखाली कोणी चेंगरत नाही."

तो ताटावरून उठला. माझ्या तोंडून आणखी निघालं, "आजपासून माझ्याशी बोलायचं कारण नाही." ही कपाळाला हात लावून बसली. मी हट्टाने सगळं जेवलो. एकही घास लागला नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

हट्टाला दहा दिवस झाले. धाकटा ताट उचलून समोरच्या आपल्या खोलीत नेतो. निरोप हिच्यामार्फत चालतात. "तुझ्या भाऊजींना विचार, मीठ हवंय का." "वहिनी, दादाला सांगा, नको." मध्ये ही बिचारी टपाल खात्यासारखी.

आज इंजिनियरबाई कॅबिनमध्ये आल्या. वय पोरीसारखं, चष्मा जाड. चाळीस मीटर वर आल्या तरी धाप नाही, ह्याचासुद्धा मला राग आला. मला काका म्हणतात. मी काही त्यांचा काका नाही.

"काका, डबा धरून ठेवल्यावर खालचा माणूस बाहेर आला, हे तुम्हाला इथून कसं कळतं? डब्याखालचं तर काहीच दिसत नाही."

"सवयीने."

"म्हणजे नेमकं कसं?"

"सवयीने म्हणजे सवयीने."

त्यांनी ते वहीत लिहूनसुद्धा घेतलं. मग मला शिकवायला लागल्या. क्रेनच्या पायांवर आठ कॅमेरे बसवलेत, अजून बंद आहेत, फक्त चाचणीला चालू करणार. कॅमेरे पिवळी टोपी ओळखतात. आम्ही टोपी म्हणतो ते डोक्यावरचं कडक हेल्मेट. टोपी जमिनीवरचा लाल पट्टा ओलांडून ट्रेलरकडे गेली की डबा जागचा हलत नाही. टोपी परत खांबाजवळच्या पांढऱ्या चौकोनात आली की जावई पाच आकडे मोजतो आणि डबा उतरवतो.

मी मान हलवली आणि मनात हसलो. कसं कळतं ते यांना कधीच कळणार नाही.

इथे लिहायला हरकत नाही. अठरा वर्षांपूर्वी मी धाकट्याला बाहेर समजलो आणि डबा सोडला. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. दवाखान्यातून आल्यावर मला बोल लावला नाही. त्या पांढऱ्या चौकोनातल्या खांबाला डोक्याएवढ्या उंचीवर एक लोखंडी खुंटी वेल्डिंगने डागून आला. म्हणाला, "मी आत शिरताना टोपी इथे टांगीन. खुंटीवर टोपी म्हणजे माणूस आत. टोपी निघाल्याशिवाय जागचं हलायचं नाही." नाहीतरी टोपी घालून डब्याखाली वाकता येत नाही, ती कडेला अडकते. पुढे सगळ्या क्रेनांवर तशाच खुंट्या झाल्या. उघड्या डोक्याने क्रेनखाली सापडलं तर नोकरी जाते, म्हणून साहेब खाली आला की मुकादम शिट्टी मारतो आणि सगळे टोप्या चढवून कसेबसे वाकतात. आजही मारली. बाईंना खाली सगळे कवायतीतल्यासारखे दिसले.

अठरा वर्षांत खुंटीने एकदाही धोका दिला नाही. ही अक्कल विकत मिळत नाही, आणि मी ती फुकट द्यायला बसलेलो नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

सुट्टीच्या दिवशी चाचणी. बाईंनी मला कंट्रोल रूममध्ये बसवलं. पडदे, थंडगार हवा, फिरती खुर्ची. पडद्यावर धाकटा दिसला, की त्याच्या टोपीभोवती चौकोन उमटतो. आत गेला की लाल, बाहेर आला की हिरवा, आणि हिरव्याखाली अक्षरं येतात, "माणूस सुरक्षित". टोपीला माणूस म्हणतात. धाकट्याला एवढा मान आयुष्यात मिळाला नसेल.

खाली साहेब कागद घेऊन उभे होते, त्यामुळे सगळ्यांचे पट्टे हनुवटीखाली आवळलेले. चोवीस डबे उतरले. एक धक्का नाही, एक चूक नाही. मी वाट बघत होतो की कुठेतरी अडखळेल. नाही अडखळला. बाईंनी पेढा मिळाल्यासारखं तोंड केलं.

घरी आलो तर ही म्हणाली, "कसं झालं?" मी म्हटलं, "वाईट." म्हणजे चांगलं झालं.

१ मार्च, शनिवार

कॅबिनमधला शेवटचा दिवस. शेवटचा डबा निळा होता, एका कोपऱ्यात चेपलेला. छातीएवढ्या उंचीवर धरून ठेवला. खाली धाकट्याने टोपी खुंटीवर टांगली आणि शिरला. वरून ती टोपी पिवळ्या बटणाएवढी दिसते. मी तिच्याकडे बघत बसलो. तेवीस दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो, पण कामावर रोज दीडशे वेळा तो मला सांगत होता की मी आत आहे, आणि मी त्याला सांगत होतो की थांबलोय. हे आजच सुचलं. सुचलं ते बरं नाही झालं.

टोपी निघाली. डबा टेकवला. मग दोन माणसं आली आणि माझी खुर्ची काढून घेऊन गेली. आता तिथे एक राखाडी पेटी बसवणार. मी खुर्ची मागितली. नियमात नाही म्हणाले.

९ मार्च, रविवार

आज माझं तोंड सुटलं.

धाकटा ताट घ्यायला आला. कंपनीने त्याला उद्घाटनासाठी नवी कोरी टोपी दिली आहे, ती घालूनच आला होता, पट्टा सैल करून. ही हसली. मला हसू आलं नाही. मी हिला म्हटलं, त्याला ऐकू जाईल असं, "तुझ्या भाऊजींना सांग. अठरा वर्षं यांच्या टोपीवर डोळे लावून बसलो, मानेचे मणके झिजले. आता यांच्या टोपीकडे बघायला मी नाही. अडलं तर जावयाला हाक मारावी."

ही म्हणाली, "मी नाही सांगणार असलं."

तो दारात थांबला. "वहिनी, निरोप पोचला म्हणावं."

ताट न घेताच गेला. नंतर हिने नेऊन दिलं, तर दाराला आतून कडी. ताट परत आलं.

मी काही चुकीचं बोललो नाही. जो शब्द आला तो खराच होता. झोप मात्र येत नाही म्हणून लिहितो आहे.

१२ मार्च, बुधवार

मुठीला फडकं बांधून लिहितोय. अक्षराकडे बघू नये.

सकाळी दहाला उद्घाटन. पाहुणे लांब मांडवात बसले होते. धक्क्यावर चार नंबरखाली एकटा धाकटा, बाकी सगळ्यांना हटवलं होतं. फोटोत गर्दी नको म्हणून. मुकादमालासुद्धा. कंट्रोल रूममध्ये मोठे साहेब, बाई, दोन पाहुणे आणि मी. मला तीन पडदे दिले होते आणि एक लाल बटण. बटणावर पारदर्शक झाकण, आणि झाकणावर कोणीतरी फुलांचा गुच्छ ठेवलेला. साहेब पाहुण्यांना म्हणाले, "हे बटण शोभेचं आहे म्हणा ना." सगळे हसले.

अकरा डबे गेले. धाकटा टोपी घालून आत, टोपी घालून बाहेर. लाल, हिरवा, पाच आकडे, डबा खाली. मी ठरवून त्याच्या पडद्याकडे बघत नव्हतो. बघायचं नाही म्हटलं होतं ना. पण डोळे आपले.

बाराव्या डब्याची एक पिन गंजून बसली होती. त्याने दोनदा हिसडा मारलेला दिसला. बाहेर आला, पहार घ्यायला. पांढऱ्या चौकोनात खांबाला टेकवलेली पहार उचलली. मग डोक्यावरची नवी टोपी काढली, खुंटीवर टांगली, आणि उघड्या डोक्याने डब्याखाली गेला.

पडद्यावर टोपीभोवती हिरवा चौकोन आला. माणूस सुरक्षित.

मला तेव्हा कळलं. इतके दिवस सगळं माझ्या डोळ्यांपुढे होतं, याच वहीत मी माझ्या हाताने लिहून ठेवलं होतं, आणि कळलं तेव्हा. जी टोपी मला सांगते माणूस आत, तीच टोपी ह्याला सांगते माणूस बाहेर.

बाई पाहुण्यांना मोजून दाखवत होत्या, "पाच, चार, तीन..."

गुच्छ मी कुठे फेकला आठवत नाही. झाकण उघडेना. मुठीने फोडलं. बटण दाबलं तेव्हा डबा सुटला होता. पडद्यावर डबा थांबला तो ट्रेलरपासून गुडघ्याएवढा वर. खाली धाकटा दिसत नव्हता.

नुसती टोपी. खुंटीवर. हिरव्या चौकोनात.

साहेब ओरडले, "काय केलंत हे? मुद्दाम केलंत! पहिल्या दिवसापासून तुमच्या पोटात दुखतंय!"

मी म्हटलं, "आत माणूस आहे."

"माणूस बाहेर आहे! समोर लिहिलंय!"

"ती टोपी आहे, साहेब."

बाई पडद्याला नाक लावून बघत होत्या. मग डब्याखालून एक हात आला. तीन बोटांचा. मग खांदा, मग सरपटत सगळा धाकटा. तो उठला, शर्ट झटकला, खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली आणि कॅमेऱ्याकडे बघून उभा राहिला. जणू काम झालं, आता उतरव.

मला वाटलं होतं या दिवशी मला आनंद होईल.

१३ मार्च, गुरुवार

चौकशी. साहेबांना दोनच गोष्टी हव्या होत्या, एक तर माझा खोडसाळपणा नाहीतर धाकट्याचा बेशिस्तपणा.

रात्रीपासून विचार करत होतो. गप्प बसलो तर सगळं माझ्या अंगावर येईल आणि धाकटा सुटेल. पण उद्या दुसऱ्या क्रेनवरही जावई बसेल आणि तिथे दुसरी पिन गंजेल. खुंट्या सगळीकडे आहेत. सांगितलं तर अठरा वर्षांची उघडी डोकी बाहेर पडणार, आणि पहिलं डोकं माझ्या भावाचं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, शिट्टीसकट. मुकादमाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याचं घर जाळलं. फक्त एक गोष्ट खोटी सांगितली. म्हटलं, "खुंटी मी डागली. वरून हुकूम माझा होता. टोपी काढल्याशिवाय मी डबा धरणारच नाही म्हणायचो, मग खालचे काय करतील बिचारे?"

धाकटा शेजारच्या खुर्चीवर होता. खांद्याला पट्टी. डबा खांद्याला घासून थांबला होता. तो ताडकन म्हणाला, "खोटं बोलतोय."

साहेब म्हणाले, "कोणती गोष्ट खोटी?"

तो माझ्याकडे बघत राहिला. महिनाभरात पहिल्यांदा. मग म्हणाला, "काही नाही. दादा सांगतो तसंच आहे."

बाहेर पडताना बाईंनी मला गाठलं. डोळे सुजलेले. "काका, मी तुम्हाला विचारलं होतं. कसं कळतं म्हणून. तुम्ही सवय म्हणालात."

ही पोरगी काल रात्री वही उघडून "सवय" या शब्दाकडे किती वेळ बघत बसली असेल. माझ्या मनात तिच्याबद्दल जो विखार होता तो कुठे ठेवायचा तेच कळेना, कारण सगळ्यात जास्त आता माझ्यावरच खर्च होत होता.

२० मार्च, गुरुवार

निकाल. पिनवाल्यांना लेखी समज. मुकादमाची बदली गोदामात. मला चार महिने आधी घरी. निरोप समारंभ नाही. मुकादम फाटकात भेटला, बोलला नाही, थुंकला. बाजूला थुंकला, एवढी मेहरबानी.

धाकटा राहिला. पण ताट अजून आपल्या खोलीतच नेतो. हिच्याजवळ म्हणे बोलला, "दादाने माझी खुंटी स्वतःच्या नावावर केली." वाचवलं त्याचं काही नाही. मीही म्हटलं, राहू दे. माझ्यामुळे दोन बोटं गेली, आता खांदा. हिशोब करायला बसला तर मी कुठे उभा राहू?

२ एप्रिल, बुधवार

आज ओळखपत्र परत करायला गेलो. फाटकावरच्या शिपायाने ते कात्रीने कापलं, माझ्या चेहऱ्यावरून.

चार नंबर चालू झाली आहे. कॅबिन रिकामी, डायरीवरच्या फोटोसारखी. खाली प्रत्येक खांबाला नवी लाल खुंटी आहे, आणि प्रत्येक पिनवाल्याच्या गळ्यात लाल चकती. आत शिरताना चकती खुंटीवर टांगायची. चकती असेपर्यंत जावई जागचा हलत नाही, टोपी कुठेही असो. वर पाटी लावली आहे, नियम क्रमांक चाळीस. अठरा वर्षं जो गुन्हा होता त्याला आता क्रमांक आहे. पाटीवर कोणाचं नाव नाही. ते एक बरं केलं.

बाई लांबून दिसल्या. हात केला. मी केला नाही. मग दहा पावलं गेल्यावर केला, पण तोवर त्यांनी पाठ फिरवली होती.

घरी आलो. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराबाहेर खुंटी आहे, पिशव्या अडकवायची. तिच्यावर पिवळी टोपी टांगलेली. नवी कोरी, एका बाजूला खरचटलेली.

मी उंबऱ्याबाहेर थांबलो. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

आतून हिचा आवाज आला, "अहो, आत या ना. बाहेर का उभे?"

"आत माणूस आहे," मी म्हटलं.

आत भांड्यांचा आवाज थांबला. मग धाकट्याचा आवाज, भिंतीला सांगितल्यासारखा, "मला बजावलं होतं. टोपीकडे बघायला मी नाही म्हणून."

"बजावलं होतं," मी बाहेरून म्हटलं. "तरी टांगलीस. का?"

आत धाकट्याने ताट सरकवलं. मग म्हणाला, "पडद्यावर तू बसणार हे माहीत होतं. तू बघणार नाहीस हे काही मला खरं वाटलं नाही."

ही आतून म्हणाली, "दोघांनाही कुठल्या तरी गोदामात टाकलं पाहिजे. भाजी निवतेय."

धाकटा बाहेर आला. माझ्याकडे बघितलं नाही. तीन बोटांनी टोपी खुंटीवरून काढली, डोक्यावर घातली, पट्टा हनुवटीखाली नीट आवळला आणि दारातून एक पाऊल बाजूला होऊन उभा राहिला.

मग मी आत गेलो.